समासातील होडी
(वेळणेश्वर येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी ‘मुलांचे करिअर’ या विषयावर दोन शब्द बोलावेत असा निरोप मला मिळाला. हा विषय दरवर्षी असतोच. दरवर्षी आम्ही शिक्षक उठून सांगतो की डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, निदान जहाजावर तरी लागा. आपण टाळ्या वाजवता आणि आम्ही खाली बसतो. आज मात्र मी चित्रांविषयी बोलणार आहे. साधी चित्रे, स्वप्नासारखी चित्रे, पडद्यावर हलणारी चित्रे आणि आता संगणकावर होणारी चित्रे. मी चित्रकलेचा शिक्षक नाही. मी इतिहास आणि मराठी शिकवतो. मला साधा आंबासुद्धा नीट काढता येत नाही. तरीही हा विषय मी का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझी एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. अभ्यासात मध्यम, स्वभावाने अबोल. मी शिकवत असताना तो इतिहासाच्या पुस्तकात खाली मान घालून काहीतरी गिरवत बसे. एके दिवशी मी पुस्तक ओढून घेतले. पाहतो तो प्रत्येक पानाच्या समासात, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेली एक होडी. पानामागून पान, तीच होडी! मला राग आला. मी ते पुस्तक वर्गाला दाखवले, मुले हसली. त्याचे वडील तेव्हा सुट्टीवर घरी आले होते, त्यांना बोलावून घेतले. ते बिचारे सज्जन गृहस्थ. हात जोडून म्हणाले, “सर, चित्रांनी पोट भरतं का? तुम्हीच सांगा त्याला.” मी सांगितले. त्यांच्यादेखतच सांगितले. त्या दिवसापासून मुलाने समासात काही काढले नाही.

पुस्तक माझ्या कपाटात पडून राहिले. वर्ष संपताना कपाट आवरताना ते हाती आले आणि सहज अंगठ्याने मी पाने भराभर सोडली. मित्रहो, ती होडी चालू लागली! किनाऱ्यापासून निघाली, लाटेवर चढली, खाली उतरली, लहान होत होत क्षितिजापाशी गेली. शेवटच्या काही पानांवर किनाऱ्यावर एक लहानशी आकृती उभी होती आणि तिचा हात हळूहळू वर जात होता. साठेक पाने, जेमतेम पाच सेकंदांचा खेळ. पण बाप जहाजावर निघून गेल्यावर किनाऱ्यावर राहिलेल्या मुलाला जे वाटते ते सारे त्यात होते, आणि मी त्यालाच वर्गात हसे करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक त्याला परत द्यायला गेलो. तो म्हणाला, “नको सर, आता नको.” एवढेच. पुढे तो दहावी झाला, बारावी झाला, आज जहाजावर नोकरीला आहे. घर नीट चालले आहे, त्याचे काही वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण तो चित्र काढत नाही. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, पाहू लागलो. जे हाती लागले त्यातले निवडक आपणापुढे ठेवतो.

त्या मुलाने जे केले तेच सिनेमाचे मूळ आहे. डोळ्यांसमोरून थोडथोडा फरक असलेली चित्रे वेगाने गेली की मनाला ती वेगळी दिसत नाहीत, एकच वस्तू हलताना दिसते. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रे पडद्यावर येतात. म्हणजे एका मिनिटाला 1440. आपला मुलगा पुस्तकाच्या कोपऱ्यात हेच शास्त्र कुणी न शिकवता करत होता.

हे शास्त्र आपल्याला परके आहे असेही समजू नका. कौलारू घरात भर दुपारी एखाद्या भोकातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो तो आपण सर्वांनी पाहिला आहे. सूर्यग्रहणाच्या वेळी त्याच गोल कवडशाची कोर होते. बसरा येथे 965 च्या सुमारास जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी नेमका हाच प्रकार अंधाऱ्या खोलीत तपासला आणि ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगाने मांडले. कॅमेरा म्हणजे अखेर एक लहानशी अंधारी खोलीच. आणि संगणकाला ज्या पायरीपायरीच्या रीतीने काम सांगतात तिला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. तो शब्दही नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. पूर्वजांची नावे घेऊन छाती फुगवावी म्हणून हे सांगत नाही. त्यांनी जिज्ञासेला समासात कोंडून ठेवले नाही, एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. चित्रपट काढावयाचा तर पैसा हवा, आणि पैसेवाल्यांना विश्वास नाही. तेव्हा त्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा लावला आणि दिवसेंदिवस थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर पाहणाऱ्यांना एका मिनिटाच्या आसपास दाण्याचा वेल झालेला दिसला! ते पाहून भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी या कामासाठी आपले दागिने दिले, आणि चित्रीकरणाच्या कामातही हात लावला. आजच्या पालकांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

यानंतरचे नाव आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते, म्हणून त्याविषयी थोडे अधिक बोलतो. शेख फत्तेलाल. 1886 साली कोल्हापूरजवळच्या कागल येथे जन्म. घरातली परंपरा मिस्त्रीकामाची. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंकडे ते चित्रकाम शिकले. नाटकांचे पडदे रंगवावयाचे, त्यातून रस्ता, राजवाडा, रान उभे करावयाचे, हीच त्यांची शाळा. तेथेच त्यांना पेणहून आलेले विष्णुपंत दामले भेटले. दोघांची अशी जोडी जमली की लोक एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणू लागले. 1929 मध्ये व्ही. शांताराम व अन्य भागीदारांसह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये ती पुण्याला गेली. प्रभातच्या चित्रपटांतील महाल, देवळे, गल्ल्या, झोपड्या ही फत्तेलाल यांच्या कलादिग्दर्शनाची करामत. 1936 साली दामले आणि फत्तेलाल या दोघांनी मिळून ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. त्यात तुकाराम विमानातून वैकुंठाला जातात ते दृश्य संगणकाविना, रंगवलेले पडदे, लाकूड, दोऱ्या आणि कॅमेऱ्याच्या युक्त्या यांवर उभे राहिले. पुढे 1940 च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये याच जोडीने भिंत चालवून दाखवली.

कागलच्या एका मुस्लिम कारागिराने वारकऱ्यांचा तुकाराम पडद्यावर आणला आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. ना त्याला कुणी विचारले की तू हे का करतोस, ना त्याने आपला धर्म सोडला. मनापासून केलेले काम माणसांना कसे जोडते याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ज्या आवारात प्रभातचा स्टुडिओ होता तेथेच 1960 मध्ये सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. आपला मुलगा किंवा मुलगी प्रवेशपरीक्षा देऊन तेथे शिकू शकते.

आता स्वप्नासारख्या चित्रांकडे येतो. यांना अतिवास्तववादी चित्रे म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील काही लेखक-चित्रकारांना वाटू लागले की जागेपणी जे दिसते तेवढेच खरे नव्हे. स्वप्नात जे दिसते त्यालाही काही अर्थ आहे. आंद्रे ब्रेतों यांनी 1924 मध्ये त्याचा जाहीरनामा लिहिला. साल्वादोर दाली यांचे 1931 चे चित्र आपण कुठेतरी पाहिले असेल. त्यात खिशातली घड्याळे उन्हात लोणी वितळावे तशी ओघळलेली आहेत. हे जगप्रसिद्ध चित्र किती मोठे असेल? 24 सेंटिमीटर बाय 33 सेंटिमीटर. म्हणजे शाळेतल्या पाटीएवढे! चित्राला मोठा कागद लागत नाही. याच दालींनी 1945 मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्यासाठी ‘देस्तिनो’ या हलत्या चित्राचे काम सुरू केले. पैशाअभावी ते थांबले. जुनी रेखाटने जपून ठेवली होती म्हणून दुसऱ्या पिढीने ते 2003 मध्ये पुरे केले. जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा, असे मी म्हणतो ते यासाठीच.

आपल्या कोकणातही असा एक चित्रकार झाला. प्रभाकर बरवे, जन्म 1936, अलिबागजवळचे नागाव. जे. जे. मध्ये शिक्षण, नंतर विणकरांच्या सरकारी केंद्रात नोकरी. त्यांच्या चित्रांत एखादे घड्याळ, एखादे पान, एखादे फळ मोकळ्या जागेत तरंगत असते. रोजचीच वस्तू, पण ती पाहता पाहता अनोळखी वाटू लागते. दाली आठवतात, पण चित्र इथलेच राहते. त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिले. ते शाळेच्या ग्रंथालयात असावे अशी माझी विनंती आहे. नोकरी सांभाळून एवढे काम करणारा माणूस आपल्या मुलांना माहीत असला पाहिजे.

मित्रहो, चित्रे म्हटली की आपल्यातील काही वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका येते, हे मला ठाऊक आहे. माणसांची, प्राण्यांची आकृती काढावी की काढू नये? हा विषय जाणकार उलेमांचा आहे, त्यात मी बोलणार नाही. पण ज्यांना ही अडचण वाटते त्यांच्यासाठीही वाट आहे, आणि ती आपल्याच एका चित्रकाराने दाखवली आहे.

मुंबईच्या खोजा कुटुंबात 1928 मध्ये जन्मलेले अकबर पदमसी हे जे. जे. चे विद्यार्थी. तरुणपणी पॅरिसला गेले. तेथे 1952 मध्ये त्यांना एक बक्षीस मिळाले. ते देणारे होते वर ज्यांचे नाव घेतले तेच आंद्रे ब्रेतों. 1969 मध्ये पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. मोठ्या चित्रकाराने असा पैसा स्वतःच्या चित्रांवर खर्च केला असता तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी काय केले? मुंबईत एक कार्यशाळा उघडली. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले एकत्र आणले, कॅमेरा आणि छपाईची साधने ठेवली आणि तरुणांना म्हणाले, करून पाहा. आपल्या नसरीन मोहमदी तेथे होत्या. त्याच नसरीन, ज्यांनी अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर मुक्काम केला, नुसत्या सरळ रेषांतून लाट आणि क्षितिज यांची आठवण देणारी चित्रे काढली आणि बडोद्याच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. वयाची विशी नुकतीच ओलांडलेल्या नलिनी मलानी तेथे होत्या. त्यांनी पुढे सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडच्या काचेवर बोटाने चित्रे काढून त्यांची 88 हलती चित्रे केली. ती लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भिंतीभर दाखवली गेली.

त्या दिवसांत पदमसींनी स्वतः एक चित्रपट केला. नाव ‘सिझिजी’. अकरा मिनिटांचा, आवाज नाही, गोष्ट नाही, माणूस नाही, प्राणी नाही. आहेत फक्त बिंदू आणि रेषा. त्यासाठी त्यांनी सुमारे हजार रेखाटने केली आणि राम मोहन यांनी त्यांना गती दिली. बिंदूंतून रेषा निघतात, रेषांतून आकार होतात, आकार मोडतात, पुन्हा जुळतात. ‘सिझिजी’ म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येणे. समुद्राकाठच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. अमावास्या-पौर्णिमेला जे उधाण येते त्याचे कारण तेच. आपल्या मशिदींच्या जाळ्यांत, नक्षीत हीच भूमिती शेकडो वर्षे दगडात बसलेली आहे. पदमसींनी ती चालवून दाखवली. आज चित्रपटांच्या नावांत, टीव्हीवरील बातम्यांच्या आरंभी, जाहिरातींत जे आकार आणि अक्षरे फिरताना दिसतात, त्या साऱ्याला ‘मोशन ग्राफिक्स’ म्हणतात. त्याचे मूळ अशाच प्रयोगांत आहे. अमेरिकेत जॉन व्हिटनी नावाच्या गृहस्थांनी महायुद्धानंतर टाकाऊ म्हणून विकलेले, विमाने पाडणाऱ्या तोफांचा नेम धरण्याचे यंत्र घेतले आणि त्यापासून चित्रे फिरवणारे यंत्र बनवले. 1960 साली त्यांनी काढलेल्या कंपनीच्या नावातच ‘मोशन ग्राफिक्स’ हे शब्द होते. मारणाऱ्या यंत्राकडून नक्षी काढून घेतली!

पदमसींचा दुसरा एक चित्रपट होता. त्याची एकच प्रत होती, ती हरवली. चाळीसहून अधिक वर्षांनी, ते वृद्ध झाल्यावर, एका तरुण दिग्दर्शकाने त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. हे वाचले तेव्हा मला कपाटातले ते पुस्तक आठवले. त्याचीही एकच प्रत आहे.

पालक विचारतील, “सर, हे सारे ठीक, पण पोटाचे काय?” प्रश्न रास्त आहे, आणि आठवीच्या त्या मुलाच्या वडिलांना मी जे उत्तर दिले ते चुकीचे होते. आज चित्रपट, मालिका, जाहिराती, खेळ, शाळांचे पाठ, औषध कंपन्यांची माहितीपत्रके, वास्तुविशारदांचे आराखडे या सर्वांना संगणकावर चित्र आणि गती देणारी माणसे लागतात. नोकरी आयती मिळते असे मी म्हणत नाही. स्पर्धा आहे, कामाचे तास फार असतात, आणि आता संगणकाला चार शब्द सांगितले की तो स्वतःच चित्र करून देऊ लागला आहे. त्यामुळे ज्याला नुसती नक्कल येते त्याचे कठीण आहे. पण काय दाखवावयाचे ते ज्याच्या मनात आहे, त्याचे काम यंत्राने संपत नाही. किनाऱ्यावरचा तो वर जाणारा हात यंत्राला सुचला नव्हता.

आणि साधनाअभावी अडून राहण्याचे दिवस गेले आहेत. ‘ब्लेंडर’ नावाचे एक संगणकीय साधन आहे, फुकट मिळते. युरोपातील लॅटव्हिया या देशाची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडीच अधिक. तेथील एका तरुण दिग्दर्शकाने लहानशा चमूसह याच ब्लेंडरवर ‘फ्लो’ नावाचा चित्रपट केला. महापूर येतो, एक मांजर होडीत चढते, सोबत इतर प्राणी येतात, एवढीच गोष्ट. त्यात एकही शब्द बोललेला नाही. 2025 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. होडी, पाणी आणि पूर यांविषयी आपल्या मुलांना जे ठाऊक आहे ते कुणाहून कमी आहे काय?

मग करावयाचे काय? चारच गोष्टी सांगतो. पहिली, प्रत्येक शाळेने शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना मुले बसवावीत. त्याचा दहावीच्या गुणांतही फायदा होतो. दुसरी, कलाशिक्षणासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. आपल्याच जिल्ह्यात सावर्डे आणि देवरूख येथे कलेची महाविद्यालये आहेत, मुलांना एकदा तेथे नेऊन आणा. तिसरी, संस्थेच्या संगणक कक्षातील निदान एका संगणकावर ब्लेंडर घालावे आणि शनिवारी दोन तास तो मुलांना मोकळा द्यावा. मुलींनाही, हे मुद्दाम सांगतो. नसरीन मोहमदी घरात बसवल्या गेल्या असत्या तर त्या रेषा कुणी काढल्या असत्या? चौथी गोष्ट पालकांसाठी. मूल मोबाईलवर काय करते ते रागावण्यापूर्वी एकदा शेजारी बसून पाहा. ते नुसते पाहत असेल तर मोबाईल काढून घ्या. काही करत असेल तर विचारा, “हे कसं केलंस?”

गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीची वही तपासताना मागच्या पानांवर मला एक पक्षी दिसला. पानोपानी पंख थोडे वर, थोडे खाली. मी अंगठ्याने पाने सोडली. पक्षी उडाला. मी वही मिटली आणि तिला परत दिली. म्हटले, “बाळ, पंख खाली येताना थोडी जास्त पाने घे, म्हणजे तो दमल्यासारखा वाटेल.” ते बरोबर होते की चूक, मला ठाऊक नाही. मी इतिहासाचा शिक्षक. पण दुसऱ्या दिवशी तिने नवी वही आणून दाखवली.

तो मुलगा जहाजावरून रजेवर आला की मी त्याचे पुस्तक घेऊन त्याच्या घरी जाणार आहे. वर्गासमोर केलेली चूक चारचौघांसमोरच कबूल करावी, म्हणून आज आपणापुढे हे बोललो.